नामशेष आणि अनाम : चांदा फोर्ट स्थानक व वनप्रदेशातील भूतकथा

चंद्रपूर शहरास दोन रेल्वे स्थानके आहेत. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावरील स्थानकास शहराचे आजचे नाव मिळाले आहे. गोंदियाहून नागभीड व मूल या गावांवरून येणाऱ्या मार्गावरील दुसरे स्थानक मात्र ‘चांदा फोर्ट’ याच नावाने ओळखले जाते. शहराचे चांदा हे नाव १९६४ च्या सुमारास अधिकृत व्यवहारातून गेले. कागदपत्रे, पाट्या व शिक्के यथाकाल बदलले. ते नाव ज्या थोड्या ठिकाणी टिकून राहिले, त्यांपैकी हे स्थानक एक होय. नाहीशा झालेल्या वस्तूस मराठीत ‘नामशेष’ म्हणतात. वस्तू गेली, नाव तेवढे शेष राहिले, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. चांदा फोर्टच्या बाबतीत याच्या उलट घडले आहे. शहर राहिले, नाव गेले, आणि गेलेले नाव स्थानकाच्या पाटीवर शेष उरले.

जुन्या स्थानकांभोवती, विशेषतः रानातील लहान स्थानकांभोवती, भूतकथा जमतात, हे सर्वश्रुत आहे. या कथांकडे नामांच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. स्थानकाने गावाचे मेलेले नाव जपलेले असते. पण स्थानकावर वावरणाऱ्या भुताला मात्र बहुधा नाव नसते. ते ‘एक बाई’ असते, ‘एक कंदीलवाला’ असते, ‘कोणीतरी’ असते. एकाच लोहमार्गावर नावे इतक्या निष्ठेने टिकावीत आणि माणसे इतक्या सहजपणे अनाम व्हावीत, यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भुते आहेत किंवा नाहीत हा येथील प्रश्न नव्हे. भुतांविषयीचे शब्द व कथा आहेत, आणि भाषेच्या अभ्यासकास तेवढे पुरेसे आहे.

१. लोहमार्गाचे आगमन

मुंबई ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. त्यापुढे दक्षिणेस, चांद्याच्या दिशेने तो वळला याचे कारण प्रवासी नव्हते, कोळसा होता. वरोऱ्याच्या खाणीतील कोळसा बाहेर काढण्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंतचा मार्ग १८७० नंतरच्या दशकात बांधण्यात आला. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद पडली. तोवर बल्लारपूरकडील कोळसा हाती आला होता व मार्गही पुढे सरकत होता. १९२९ मध्ये बल्लारशा–काझीपेठ हा दुवा पूर्ण होऊन दिल्ली व मद्रास ही शहरे या प्रदेशातून सरळ जोडली गेली.

चांदा फोर्टचा मार्ग निराळा होय. तो बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टाकला. त्याची रुंदी अवघी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होती. गोंदियाहून निघालेली ही अरुंद गाडी अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, राजोली, मूल, केळझर अशी साग, बांबू व मोहाच्या रानांतून वाट काढीत चांद्याच्या परकोटाबाहेर येऊन थांबे. नागभीडहून एक फाटा नागपुरास जाई. तो १९०८ मध्ये सुरू झाला व सुमारे १०६ किलोमीटर लांबीचा होता. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गाचे रुंदीकरण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाले. नागपूर–नागभीड फाट्यावरील अरुंद गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली.

या मार्गाने माणसांपेक्षा रान अधिक वाहून नेले. इमारती लाकूड, बांबू, तेंदूची पाने, मोह, लाख हा तेथील माल. रुळांखाली अंथरावयाचे लाकडी स्लीपरही रानातूनच येत. रान कापून मार्ग झाला आणि मार्ग झाल्यामुळे रान अधिक कापले गेले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्यास या लोहमार्गाचा एक लहानसा तुकडा आला. देसाईगंज येथील वडसा हे दीर्घकाळ त्या विस्तीर्ण जिल्ह्यातील एकमेव स्थानक राहिले. आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली या बाजूंच्या उतारूंना गाडीसाठी येथेच यावे लागे, आणि गाड्या थोड्या असल्याने पुष्कळदा रात्र फलाटावर काढावी लागे. स्थानक हे प्रवासाचे ठिकाण खरे; परंतु उतारूच्या अनुभवात ते मुख्यतः वाट पाहण्याचे ठिकाण असते. वाट पाहणारी माणसे रात्री गोष्टी सांगतात. भूतकथांच्या प्रसारास याहून अनुकूल स्थळ शोधून सापडणार नाही.

२. स्थानकांची नावे

चांदा फोर्ट हे एकमेव उदाहरण नव्हे. भद्रावती नगराचे स्थानक ‘भांदक’ या जुन्या नावाने चालते. देसाईगंजचे स्थानक ‘वडसा’ आहे. बल्लारपूर नगराचे स्थानक ‘बल्लारशा’ आहे, आणि त्या नावात गोंड राजा बल्लाळशहा याचे नाव नगराच्या नावापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येते. नागभीडचा अंत्य ‘ड’ इंग्रजी लिपीत रेल्वेने ‘र’ असा लिहिला. मूर्धन्य ‘ड’ चा शब्दान्ती होणारा शिथिल उच्चार इंग्रज कानास ‘र’ सारखा वाटला, आणि त्या एका श्रवणाची नोंद शंभराहून अधिक वर्षे टिकली.

स्थानकनामे इतकी चिवट का असतात, याचे उत्तर त्यांच्या उपयोगात आहे. गावाचे नाव बोलण्यात असते. स्थानकाचे नाव वेळापत्रकात, तिकिटावर, मालाच्या पावतीवर, तारेच्या संकेतात व शेजारच्या प्रत्येक स्थानकाच्या नोंदवहीत असते. ते बदलावयाचे तर हे सर्व एकाच दिवशी बदलावे लागते. म्हणून रेल्वे नाव बदलण्याच्या बाबतीत अतिशय सावध असते. परिणामी रेल्वेचे वेळापत्रक हा त्या प्रदेशाच्या नामेतिहासाचा अनपेक्षित साठा ठरतो. भांदक, चांदा, वडसा व बल्लारशा ही नावे एकामागून एक वाचली, तर शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो.

बोलीचा प्रकार वेगळा. वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीबोलीत ण, ळ, छ, श, ष हे वर्ण नाहीत. तेथे स्टेशनाचे ‘टेसन’ होते. छापील नाव बदलत नाही आणि बोलीतील नाव बदलल्यावाचून राहत नाही, असे हे दोन प्रवाह शेजारी वाहतात. भूतकथा दुसऱ्या प्रवाहातील आहेत, हे लक्षात ठेवावयास हवे. त्यांना नोंदवही नाही.

३. भुतांची नावे

मराठीतील पिशाच्चवाचक शब्दांकडे वळले असता त्यांच्या रचनेत एक नियम दिसतो. ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेले. काळवाचक व पिशाच्चवाचक शब्द एकच आहे. ‘प्रेत’ म्हणजे पुढे गेलेले. हे दोन्ही शब्द सामान्य आहेत. विशेष शब्द मात्र मृत्यूच्या वेळी काय अपुरे राहिले होते, ते सांगतात. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी जो मेला तो ‘मुंजा’. पिंपळावर त्याची वस्ती. गरोदरपणी किंवा बाळंतपणात जी गेली ती ‘हडळ’. तिची पावले उलटी. संपत्तीवर अथवा वास्तूवर जीव अडकून जो मेला तो ‘समंध’. हा शब्द ‘संबंध’ या संस्कृत शब्दाचेच मराठी रूप असून, संबंध तुटला नाही एवढेच तो सांगतो. ‘खवीस’ हा अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट या शब्दावरून आला आहे. पाण्याकाठच्या ‘आसरा’ या अप्सरा होत, आणि ‘जखीण’ ही यक्षिणी.

यांतील पहिला गट महत्त्वाचा आहे. मुंजा, हडळ व समंध या शब्दांत व्यक्तीचे नाव नाही, गाव नाही, कूळ नाही. आहे ते फक्त अपुरेपण. भाषेने मृताची ओळख पुसली आणि मृत्यूचे कारण तेवढे राखले, असे म्हणावयास हरकत नाही. बाळंतपणात गेलेल्या असंख्य स्त्रियांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. ‘हडळ’ हा एक शब्द त्या सर्वांची मिळून झालेली नोंद आहे.

लोहमार्ग आला तेव्हा मराठीने त्यालाही याच शब्दसृष्टीत जागा दिली, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. वाफेच्या यंत्राला लोक ‘चाक्या म्हसोबा’ म्हणत, असे प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. म्हसोबा हा शेतशिवेवरचा, शेंदराने माखलेला, नैवेद्य मागणारा देव. त्याला चाके फुटली म्हणजे आगगाडी झाली! मोठे पूल व इमारती यांच्या पायात माणसे बळी देतात, ही अफवा एकोणिसाव्या शतकात भारताच्या अनेक भागांत पसरली होती. तिला अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु ती जेथे जेथे पसरली, तेथे तेथे पायाचे काम करताना माणसे खरोखर मरत होती, हेही तितकेच खरे आहे. पुण्याकडील बोरघाटाच्या कामात १८५५ ते १८६३ या काळात सुमारे २५ हजार मजूर मृत्यू पावले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच काही आठवड्यांत मरण पावला व त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुरे करविले, हे नावनिशीवार ठाऊक आहे. मजुरांची मात्र केवळ अंदाजे संख्या उरली.

४. तारू, शेडमाके आणि अनाम मृत

चंद्रपूरच्या रानात अकाली मृत्यू पावलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचे तीन प्रकार दिसतात. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिला प्रकार ताडोबाचा. ज्या तळ्यावरून त्या अरण्यास नाव मिळाले, त्याच्या काठी तारू या देवाचे स्थान आहे. तारू हा गावचा प्रमुख; वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला व देव झाला, अशी आख्यायिका. पौष महिन्यात तेथे यात्रा भरण्याची परंपरा आहे. या तळ्याविषयीची आणखी एक कथा चार्ल्स ग्रँट यांच्या १८७० च्या मध्यप्रांत गॅझेटियरात आढळते. एक लग्नाचे वऱ्हाड तहानेने व्याकूळ होऊन थांबले, जमीन खणताच पाणी उसळले व वऱ्हाड त्यात बुडाले. तळ्यात एक ताड उगवला, तो दिवसा वाढे व सायंकाळी जमिनीत परत जाई. यात्रेकरूंनी हाक मारली की तळ्यातून भांडी वर येत; एका लोभी माणसाने ती घरी नेली आणि तेव्हापासून तो वर नाहीसा झाला. शांत रात्री तळ्याभोवती वाद्यांचा अस्पष्ट नाद ऐकू येतो, अशीही समजूत त्या नोंदीत आहे. बुडालेले वऱ्हाड अजून वाजतगाजत फिरते, असे त्याचे तात्पर्य. येथे तारूला नाव आहे, म्हणून तो देव आहे. वऱ्हाडाला नाव नाही, म्हणून त्याचा केवळ आवाज उरला आहे.

दुसरा प्रकार बाबूराव शेडमाके यांचा. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. फाशी हा लोकसमजुतीप्रमाणे भूत होण्याचा सर्वांत सरळ मार्ग. पिंपळ हे भुताचे ठरलेले घर. पण चंद्रपूरच्या तुरुंगातील तो पिंपळ भुताचा झाला नाही. तो स्मारक झाला, आणि तेथे श्रद्धांजली वाहिली जाते. ज्याचे नाव घेणारे लोक पाठीशी आहेत, तो हुतात्मा होतो.

तिसरा प्रकार अनाम मृतांचा. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्यप्रांत पोळला. दुष्काळी कामे म्हणून रस्ते, तलाव व लोहमार्गांचे मातीकाम काढण्यात येत असे. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. मध्यप्रांतास तिचा तडाखा विशेष तीव्र बसला. चांद्याचे रान हिवतापासाठी कुप्रसिद्ध होते. या काळात कामावर, वाटेवर व स्थानकांच्या आसपास जे मेले, त्यांचे गाव दूर होते, नातलग दूर होते आणि उत्तरक्रिया करणारे कोणी नव्हते. रेल्वे कंपनीच्या अहवालांत मैल, टन व रुपये यांचे हिशोब असत. मजुरांची नावे नसत.

चांद्याच्या जुन्या परकोटास जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आहेत आणि काही लहान खिडक्या आहेत. त्यांतील एकीचे नाव ‘मसाण खिडकी’ असे आहे. गावाने आपल्या मृतांसाठी बाहेर जाण्याची वाट राखून ठेवली होती व तिला नावही दिले होते. इंद्रावतीपलीकडील मारिया गोंडांविषयीच्या ग्रिगसन यांच्या १९३८ च्या ग्रंथात मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांचे वर्णन येते, आणि भामरागडकडील माडियांतही अशा शिळा उभारण्याची चाल आहे. गोंडी समाजात विधिपूर्वक निरोप दिलेला मृत कुळाच्या ‘पेन’मध्ये, म्हणजे देवात, सामावला जातो. शहर असो की रान, प्रत्येक वस्तीने मृतांची अशी काही ना काही व्यवस्था लाविलेली होती. स्थानक ही अशी वस्ती होती की जिला मसाण खिडकी नव्हती, शिळा नव्हती व पेनही नव्हता. सर्व येत व जात. कोणी तेथले नसे. अशा ठिकाणी जो मेला, त्याची व्यवस्था कोणी लाविली नाही. तो कथेत येऊन राहिला.

५. चकवा आणि कंदील

रानातील भूतकथांत ‘चकवा’ हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. रात्री वाटसरू चालत राहतो, चालत राहतो, आणि पहाटे पाहतो तो जेथून निघाला तेथेच उभा. ‘चकवा लागला’ असे मग म्हणतात. चकव्याला आकार नाही. तो दिसत नाही, केवळ लागतो. त्यावर उपाय म्हणजे चालणे थांबवून उजाडेपर्यंत एका जागी बसून राहणे. या समजुतीस अनुभवाचा आधार आहे. यान सॉउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जर्मनीतील अरण्यात सूर्य ढगांआड असताना सरळ चालण्याचा प्रयत्न करणारी माणसे नकळत वर्तुळात फिरली. सूर्य दिसत असताना मात्र ती बऱ्याच अंशी सरळ गेली. दिशेची खूण नाहीशी झाली की पावले वळतात. बसून राहण्याचा जुना उपाय म्हणूनच योग्य होता.

लोहमार्गाने चकव्याचे बळ मोडले. दोन रुळ धरून चालणाऱ्यास दिशा चुकण्याचे भय नाही. ते त्याला कोठल्या तरी दिव्यापाशी नेऊन पोहोचवितातच. त्यामुळे रुळ ही रानातील गावांची पायवाट बनली. परंतु तीच वाट जनावरांचीही झाली, आणि गाडीची तर ती होतीच. चकव्याने माणूस दमतो. रुळावर तो मरतो. वाघही मरतो. २०१८ च्या नोव्हेंबरात चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या रानात, याच गोंदिया मार्गावर, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. वाघाने मारलेल्या माणसाचा आत्मा त्याच वाघाच्या मस्तकावर बसून त्याला वाट दाखवितो, ही मध्य भारतातील समजूत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी वारंवार नोंदविली आहे. रानाच्या हिशोबात मारणारा व मेलेला हे दोघे एकत्र बांधलेले असतात. लोहमार्गावर हा हिशोब जुळत नाही. मारणारी गाडी थांबत नाही, आणि तिला चेहरा नाही. मग मृताने वाट दाखवावी ती कोणाला? तो रुळाशीच थांबतो.

स्थानकावरील भूतकथांत हातात कंदील घेऊन रुळांवरून चालणारी आकृती पुन्हा पुन्हा भेटते. तिचा उगम शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पावसाळ्यात रुळ वाहून जाण्याचे भय असते, म्हणून गस्तवाला रात्रभर एकटा कंदील घेऊन ठरलेल्या टप्प्यापर्यंत चालत जातो व परत येतो. रुळांचे खिळे व चाव्या तपासणारा चाबीवाला पहाटेच निघतो. दूरच्या पाड्यावरून पाहणाऱ्यास माणूस दिसत नाही. रानाच्या काळोखात जमिनीपासून हातभर उंचीवर सरकणारा एक दिवा तेवढा दिसतो. तो जातो, दिसेनासा होतो व पुन्हा येतो. कथेतील भूत हुबेहूब हेच करते. फरक इतकाच की एखाद्या रात्री खरा गस्तवाला परत येत नाही. साप, वाघ, ताप किंवा गाडी यांपैकी कोणतेही कारण पुरे असते. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा नेमला जातो आणि दिवा पूर्वीप्रमाणे सरकू लागतो. पाड्यावरील माणसाला दिवा तोच दिसतो. माणूस बदलल्याचे त्यास कळत नाही. कंदीलवाल्याचे भूत ही या दृष्टीने कल्पना कमी व निरीक्षण अधिक आहे. काम चालू राहिले आणि माणूस गेला, हे तिचे सार.

६. बेगुनकोदोरचे उदाहरण

भारतातील भुताचे म्हणून सर्वांत प्रसिद्ध झालेले स्थानक पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील बेगुनकोदोर हे होय. तेही असेच वनप्रदेशातील व आदिवासी वस्तीच्या कडेचे. १९६० मध्ये ते उघडले. रुळांवर पांढऱ्या साडीतील स्त्री दिसते अशी वार्ता स्थानकमास्तरापासून पसरली, कर्मचारी तेथे राहण्यास तयार होईनात, आणि १९६७ पासून तेथे गाड्या थांबणे बंद झाले. पुढे ग्रामस्थांनी पाठपुरावा केल्यावर २००९ मध्ये ते पुन्हा उघडण्यात आले. २०१७ च्या अखेरीस विवेकवादी कार्यकर्त्यांच्या एका गटाने तेथे रात्र काढली. त्यांना भूत आढळले नाही.

या वृत्तान्तात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पांढऱ्या साडीतील त्या स्त्रीस नाव नाही. ती कोण होती व कशी मेली, याविषयी कथा मूक आहे. दुसरी गोष्ट अशी की भुताच्या कथेची किंमत भुताने दिली नाही, ग्रामस्थांनी दिली. बेचाळीस वर्षे त्यांना गाडीसाठी दूरच्या स्थानकावर जावे लागले. दुर्गम स्थानकावर नेमणूक नको असलेल्या कर्मचाऱ्यास भूत हे सोयीचे कारण ठरते, असेही तेथे बोलले जाते. ते खरे असो वा नसो, भूतकथा कोणाच्या उपयोगी पडते हा प्रश्न विचारल्यावाचून तिचा अभ्यास पुरा होत नाही.

७. भूत आणि करणी

याच प्रश्नामुळे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते. चंद्रपूर जिल्ह्यात भूतकथांच्या शेजारीच भानामती व करणी यांच्या समजुती नांदतात. बाहेरून पाहणाऱ्यास या दोन्ही एकाच अंधश्रद्धेच्या शाखा वाटतात. त्यांचे व्याकरण मात्र वेगळे आहे.

भूत ‘लागते’, चकवा ‘लागतो’, हडळ ‘दिसते’, माणसास ‘लागीर’ होते. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांत करविणारा कोणी नाही. घटना घडते, तिला कारण आहे, पण अपराधी नाही. ‘करणी’ हा शब्द ‘करणे’ या धातूपासून आला आहे, आणि करणे म्हटले की करणारा आला. ‘करणी झाली’ असे म्हणताच ‘कोणी केली?’ हा प्रश्न व्याकरणानेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर गावातीलच एखाद्या दुबळ्या माणसाच्या नावाने दिले जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) या गावी भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह काही जणांना भरचौकात बांधून मारहाण करण्यात आली. मार खाणारे दलित कुटुंबांतील होते. जादूटोण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा तेव्हा जवळजवळ आठ वर्षांचा झाला होता.

भूतकथेत मृताचे नाव हरवते; करणीत जिवंताचे नाव घेतले जाते. पहिलीत विस्मृती आहे, दुसरीत आरोप आहे. पहिली ऐकून घ्यावी, टिपून ठेवावी व तिच्यातील इतिहास शोधावा. दुसरीस तत्काळ आळा घालावा. या दोहोंना एकाच मापाने मोजणारा, मग तो सरसकट हसणारा असो किंवा ‘लोकपरंपरा’ म्हणून सरसकट गौरव करणारा असो, सारखाच चुकतो.

८. समारोप

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. लोहमार्गाने या वनप्रदेशात दोन प्रकारच्या नोंदी निर्माण केल्या. एक छापील, जिच्यात चांदा, भांदक व वडसा ही नावे टिकली. दुसरी मौखिक, जिच्यात कंदीलवाला, पांढऱ्या साडीतील बाई व हाक मारणारे कोणीतरी ही माणसे टिकली. पहिलीत नावे आहेत, माणसे नाहीत. दुसरीत माणसे आहेत, नावे नाहीत. स्थानकाचा इतिहास लिहावयाचा तर या दोन अपुऱ्या वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतील.

हे काम निकडीचे आहे. अरुंद मार्गाबरोबर त्याच्या काठची लहान स्थानके, कर्मचाऱ्यांच्या चाळी व फाटकांवरील झोपड्या जात आहेत. वाफेच्या गाडीवर काम केलेली पिढी जवळजवळ संपली आहे. वडशाहून गडचिरोलीकडे नवा मार्ग बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, म्हणजे नवी स्थानके, नवी नावे व नव्या कथा येणार आहेत. जुन्या मार्गावरील गँगमन, गस्तवाले, हमाल व चहावाले यांच्या कुटुंबांतून या कथा टिपताना संग्राहकाने भुताचे वर्णन घेऊन थांबू नये. भूत कोणत्या मैलावर दिसते, कोणत्या ऋतूत दिसते, हातात काय असते, अंगावर काय असते, हे विचारावे. आणि त्या मैलावर कोण कामाला होते व कोण परत आले नाही, हेही विचारावे. क्वचित एखाद्या वृद्धेस उत्तर ठाऊक असेल. ज्या दिवशी ती ते नाव सांगेल, त्या दिवशी भूत कथेतून उठून इतिहासात जाईल. तारूचे व शेडमाक्यांचे तसेच झाले. चांदा फोर्टच्या पाटीने एका शहराचे जुने नाव जपले. त्या पाटीखालून रात्री कंदील घेऊन गेलेल्या माणसांचीही निदान काही नावे जपली जावीत, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.